फुलपाखरांचे ऋतुगमन : परिभाषा आणि नोंद ह्यांची चिकित्सा

१

जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने आपल्या तांबड्या सूचीत 'स्थलांतर करणारे मोनार्क फुलपाखरू' अशी नोंद करून त्यास 'संकटग्रस्त' ठरविले. २०२३ मध्ये आकडेवारीचा फेरविचार होऊन हीच नोंद एक पायरी खाली आणण्यात आली व त्या फुलपाखराची गणना 'असुरक्षित' ह्या वर्गात झाली. ह्या दोन निर्णयांपैकी अधिक ग्राह्य कोणता, हा प्राणिशास्त्राच्या कक्षेतील प्रश्न होय. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र ह्या नोंदीच्या रचनेकडेच प्रथम जाते. 'मोनार्क फुलपाखरू' हे तीतील विशेष्य आणि 'स्थलांतर करणारे' हे विशेषण. मोनार्क ही जात उत्तर अमेरिकेबाहेर हवाई बेटे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि स्पेन येथेही स्थायिक झालेली आहे. ती पृथ्वीवरून लवकरच नाहीशी होईल असे कोणी म्हणत नाही. उत्तर अमेरिकेत दर वर्षी होणारा तिचा दूरचा प्रवास मात्र धोक्यात आहे. म्हणजे संकट ओढवले आहे ते विशेषणावर. आणि सूचीला आधार मात्र विशेष्याचा घ्यावा लागला आहे.

ही विसंगती संशोधकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. लिंकन ब्राउअर आणि स्टीफन माल्कम ह्या दोघा अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्राण्यांच्या स्थलांतरास 'संकटग्रस्त घटना' असे नाव दिले होते. प्राणी शिल्लक राहील, पण त्याचे जाणेयेणे संपेल, अशी एक हानी संभवते. आणि जातींच्या याद्या करणाऱ्या पद्धतीला ती सहजी दिसत नाही, असा त्या नावाचा आशय. येथेच परिभाषेचा प्रश्न उभा राहतो. जिचे रक्षण करावयाचे ती जर क्रिया असेल, तर क्रियेची नोंद ठेवणारी भाषा ही वस्तूंची मोजदाद करणाऱ्या भाषेहून निराळी असावी लागेल. अशी भाषा सिद्ध झाली नाही, तर क्रिया थांबली तरी ती थांबल्याचे सांगता येणार नाही. प्रस्तुत लेखात प्रथम मराठीतील 'स्थलांतर' ह्या संज्ञेची तपासणी केली आहे. त्यानंतर ज्यांच्याविषयी दीर्घकालीन नोंदी उपलब्ध आहेत अशा मोनार्क व पेंटेड लेडी ह्या दोन फुलपाखरांच्या अभ्यासातून काय निष्पन्न होते ते पाहिले आहे. आणि अखेरीस सह्याद्रीतील फुलपाखरांच्या ऋतुपरत्वे होणाऱ्या हालचालींची मराठीत नोंद कशी व्हावी, ह्याचा विचार केला आहे.

२

'स्थलांतर' हा शब्द 'देशांतर', 'ग्रंथांतर', 'भाषांतर' ह्यांच्या पंक्तीतील आहे. 'अन्य स्थल' एवढाच त्याचा विग्रह. एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाणे हा अर्थ पुढे रूढ झाला. ह्या घडणीमुळे शब्दाची व्याप्ती फार मोठी झाली आहे. धरणाखाली जमीन गेलेल्या गावाचे स्थलांतर होते, कचेरीचे स्थलांतर होते, ऊसतोडणीसाठी निघालेल्या कुटुंबांचे स्थलांतर होते, आणि हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांचेही स्थलांतरच होते. जाणे कायमचे की तात्पुरते, स्वेच्छेचे की सक्तीचे, एकदाच घडलेले की दर वर्षी घडणारे, ह्यांविषयी शब्द काहीच सांगत नाही.

व्यवहारात ह्याने फारसे अडत नाही. शास्त्रीय नोंदीत मात्र अडते. फुलपाखरांविषयीच्या मराठी लेखनात ह्या एकाच शब्दाखाली निदान तीन भिन्न घटना येतात. ठराविक ऋतूत, ठराविक दिशेने होणारे आणि पुढच्या ऋतूत उलट दिशेने पुरे होणारे जाणेयेणे, ही पहिली. खाद्यवनस्पतीच्या वा जोडीदाराच्या शोधात जन्मस्थानापासून चोहोकडे पांगणे, ही दुसरी. अनुकूल वर्षी संख्या एकाएकी वाढून आसपासच्या प्रदेशात लोंढा पसरणे, ही तिसरी. पहिलीस 'ऋतुगमन', दुसरीस 'विखुरण' आणि तिसरीस 'उद्रेक' असे म्हणता येईल. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. वैशाली भौमिक व कृष्णमेघ कुंटे ह्यांनी २०२० मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्षच असा आहे, की उड्डाणाशी संबंधित शरीररचना आणि प्रजनन ह्यांवर विखुरणाचे व स्थलांतराचे होणारे परिणाम परस्परांहून वेगळे असतात. ज्या दोन घटना कीटकाच्या शरीरातच वेगळ्या आहेत, त्या नोंदवहीत एका नावाने लिहिल्या गेल्यास वहीचा उपयोग मर्यादितच राहणार.

'स्थलांतरित' हे विशेषणही तपासून घेण्याजोगे आहे. 'इत'-प्रत्ययान्त असल्याने त्याचा अर्थ 'ज्याचे स्थलांतर झाले आहे ते' असा होतो. त्यातून क्रिया पूर्ण झाल्याचा, आणि कोणीतरी ती घडवून आणल्याचाही ध्वनी निघतो. विस्थापित माणसांच्या बाबतीत तो यथार्थ आहे. जे फुलपाखरू येत्या ऋतूत पुन्हा निघणार, त्याला हे विशेषण लावणे म्हणजे चालू क्रियेवर पूर्णविराम देण्यासारखे आहे. ह्या कारणास्तव येथे पहिल्या प्रकारच्या घटनेसाठी 'ऋतुगमन' व 'ऋतुगामी' ही रूपे वापरली आहेत.

आवर्तनाची कल्पना मराठीला परकी आहे असे मात्र समजू नये. ऑक्टोबरातील पावसाला शेतकरी 'परतीचा पाऊस' म्हणतो. जाणाऱ्या पावसाचे हे वर्णन त्याच्या येण्याची आठवण ठेवून केलेले आहे. 'वारी' ह्या शब्दातच पुनःपुन्हा जाणे अभिप्रेत आहे. एकदाच पंढरपूरला गेलेल्या माणसाला कोणी वारकरी म्हणत नाही. पठारावरील मेंढपाळ धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी पठारावर परततात. त्यांच्या दृष्टीने कोकणातील शेते आणि पठारावरील माळ ही दोन्ही स्थाने आपलीच असतात. त्यांपैकी एकही 'अन्य' नसते. 'स्थलांतर' ह्या शब्दात नेमकी हीच जाणीव हरवते. तो दुसऱ्या स्थळाला 'अंतर', म्हणजे परके, ठरवितो. संवर्धनाच्या दृष्टीने ह्याचा परिणाम साधा नाही. कारण जे स्थळ परके, त्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

३

मोनार्कच्या अभ्यासाचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. टोरोंटो येथील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा ह्यांनी कॅनडातून शरद ऋतूत निघून जाणारी ही फुलपाखरे कोठे जातात, ह्याचा छडा लावण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. पंखाला कागदाची लहानशी क्रमांकित पट्टी चिकटवून फुलपाखरू सोडून द्यावयाचे, आणि ज्याला ते सापडेल त्याने पट्टीवरील पत्त्यावर कळवावयाचे, अशी त्यांची रीत होती. १९५२ पासून त्यांनी ह्या कामासाठी स्वयंसेवकांचे मोठे जाळे उभारले. अखेर २ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे सहकारी केन ब्रगर व कॅटलिना अग्वादो ह्यांना मध्य मेक्सिकोतील मिचोआकान प्रांताच्या डोंगरांत, ओयामेल ह्या देवदारवर्गीय वृक्षांच्या रानात, कोट्यवधी मोनार्क एकत्र बसलेले आढळले. जानेवारी १९७६ मध्ये अर्कहार्ट स्वतः तेथे गेले असता, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका शालेय शिक्षकाने विद्यार्थ्यांसह पट्टी लावून सोडलेले एक फुलपाखरू त्यांना त्या थव्यात मिळाले. ही हकीकत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकातून जगापुढे आली.

ह्या प्रसंगाचे वर्णन 'शोध लागला' ह्या शब्दांत करण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा म्हणावा लागेल. त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांना ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या स्मरणाचा सण असतो त्याच सुमारास, ती दर वर्षी येतात, आणि ते आपल्या पूर्वजांचे आत्मे होत, अशी तेथे श्रद्धा आहे. ह्याचा अर्थ असा, की उत्तरेकडील माणसांपाशी 'फुलपाखरे जातात' हे वाक्य होते, आणि दक्षिणेकडील माणसांपाशी 'फुलपाखरे येतात' हे वाक्य होते. पहिल्यात 'कोठे' ह्याचे उत्तर नव्हते, दुसऱ्यात 'कोठून' ह्याचे नव्हते. दोन्ही वाक्ये खरी असूनही ती एकाच घटनेविषयीची आहेत हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. मिनेसोटाच्या पट्टीने ती जोडली. ऋतुगमनाची नोंद म्हणजे केवळ 'दिसले' असे लिहिणे नव्हे, तर दोन दूरस्थ निरीक्षकांच्या अपुऱ्या वाक्यांचे एक पूर्ण वाक्य होईल अशी तजवीज करणे होय, हा ह्या इतिहासाचा अर्थ.

पुढे ही तजवीज अधिक सूक्ष्म झाली. १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात ऑर्ली टेलर ह्यांनी 'मोनार्क वॉच' हा उपक्रम सुरू केला आणि पट्ट्या लावण्याचे काम शाळाशाळांतून पसरले. १९९८ मध्ये वासेनार व हॉब्सन ह्यांनी पंखांतील हायड्रोजन व कार्बन ह्यांच्या समस्थानिकांवरून फुलपाखराचे जन्मस्थान ठरविता येते हे दाखवून दिले. हिवाळ्यात मेक्सिकोत पोहोचणाऱ्या मोनार्कांपैकी बहुसंख्य अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात जन्मलेले असतात, असे त्यातून निष्पन्न झाले. ज्या फुलपाखराला कोणीही पट्टी लावली नाही, त्याच्याही पंखात 'कोठून' ह्या प्रश्नाचे उत्तर असते, असा ह्याचा अर्थ होतो.

४

तथापि वाक्य पूर्ण झाले तरी त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न उरतोच. मेक्सिकोतून वसंतात निघालेले मोनार्क कॅनडात पोहोचत नाहीत. ते वाटेत अंडी घालून मरतात. त्यांची संतती पुढे सरकते, तिची संतती आणखी पुढे. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणारी पिढी तेवढी प्रजनन लांबणीवर टाकून दक्षिणेस सारा प्रवास एका आयुष्यात करते. म्हणजे गेलेले आणि परतलेले फुलपाखरू कधीच एक नसते. 'मोनार्क जातो आणि परत येतो' ह्या वाक्यातील एकवचन हे व्यक्तीचे एकवचन नसून परंपरेचे आहे.

१९७९ च्या बॉन कराराची भाषा ह्या कसोटीवर लावून पाहण्याजोगी आहे. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी झालेल्या ह्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोनार्कचा समावेश आहे, आणि कराराच्या परिशिष्टांत स्थान मिळालेला तो एकमेव कीटक आहे. करारातील व्याख्येनुसार, ज्या समूहाचे बरेचसे घटक आवर्ती व अपेक्षित रीतीने राष्ट्रांच्या सीमा ओलांडतात तो समूह स्थलांतरी होय. व्याख्येत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आवर्तन पुरे करणारा घटक म्हणजे प्राणिव्यक्ती, ही पहिली. हंस वा कासव ह्यांना ती लागू पडते. फुलपाखराच्या बाबतीत आवर्तन पिढ्यांकडून पुरे होते, आणि व्याख्येतील 'घटक' हा शब्द ताणावा लागतो. दुसरी गोष्ट राष्ट्रसीमेची. सह्याद्रीतून निघून पूर्वेकडील मैदानात जाणारे फुलपाखरू कितीही नियमाने जात असले तरी एकाच राष्ट्रात राहते. साहजिकच ते व्याख्येबाहेर पडते. पक्षी व सस्तन प्राणी ह्यांच्या अनुभवावर घडलेली व्याख्या कीटकांना लावताना त्यांच्या जीवनक्रमातील मुख्य वैशिष्ट्यच सुटून जाते, ही उणीव मान्य करावयास हवी. भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही जातींच्या अनुसूची आणि क्षेत्रांच्या हद्दी ह्याच दोन साधनांनी काम करतो. जात आणि क्षेत्र ही दोन्ही नामे आहेत. ऋतुगमन हे ह्या दोहोंना जोडणारे क्रियापद आहे, आणि कायद्याच्या वाक्यरचनेत त्याला जागा नाही.

५

आता मोजणीकडे वळावयाचे. मेक्सिकोतील मोनार्कांची संख्या प्रत्यक्ष मोजणे अशक्य असल्याने त्यांनी व्यापलेल्या रानाचे क्षेत्रफळ दर हिवाळ्यात मोजले जाते. १९९६–९७ च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होते. २०१३–१४ मध्ये ०.६७ हेक्टरपर्यंत घसरले. २०२३–२४ मध्ये ०.९० आणि २०२४–२५ मध्ये १.७९ हेक्टर भरले. येथे फुलपाखरांऐवजी त्यांना आधार देणाऱ्या रानाचे माप सांगितले जाते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही आधाराधेय संबंधावरील लक्षणा होय. लक्षणा म्हणून ती निर्दोष आहे. पण ती लक्षणा आहे ह्याचा विसर पडता कामा नये, कारण दर हेक्टरी फुलपाखरांची दाटी नेहमी सारखी नसते.

घसरणीच्या कारणांविषयी जो वाद झाला तोही नोंदीच्या स्वरूपाशी निगडित आहे. प्लेझंट्स व ओबरहाउझर ह्यांनी असे प्रतिपादन केले, की मध्यपश्चिम अमेरिकेत तणनाशकाला दाद न देणाऱ्या पिकांचा प्रसार झाल्यावर शेतांतील मिल्कवीड, म्हणजे मोनार्कच्या अळीचे एकमेव अन्न असलेली रुईच्या कुळातील झुडुपे, नष्ट झाली. १९९९ ते २०१० ह्या काळात त्या प्रदेशातील मिल्कवीड ५८ टक्क्यांनी आणि तेथील मोनार्कांची पैदास ८१ टक्क्यांनी घटली, असा त्यांचा अंदाज होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की उन्हाळ्यातील गणनांत तितकी घट दिसत नाही. हानी होते ती शरदातील प्रवासात, वाटेवर. पहिला पक्ष खरा असेल तर जन्मभूमीत मिल्कवीड लावणे हा उपाय. दुसरा खरा असेल तर वाटेवरील फुलोऱ्याची व विसाव्याच्या जागांची काळजी घेणे हा उपाय. हा वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. वाद घालता यावा इतकी सामग्री तेथे अनेक ठिकाणांहून, अनेक वर्षे, एकाच रीतीने जमा झालेली होती, हे महत्त्वाचे. एकाच ठाण्यावरील आकडे कितीही अचूक असले तरी साखळीचा कोणता दुवा निखळला हे त्यांवरून समजत नाही.

अशा सामग्रीचा पाया म्हणजे शून्याची नोंद. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड ह्यांनी घालून दिलेल्या पद्धतीने १९७६ पासून राष्ट्रीय स्वरूपाची गणना चालू आहे. ठरलेल्या वाटेने, एप्रिल ते सप्टेंबर ह्या काळात दर आठवड्यास, ठराविक वेगाने चालत जावयाचे आणि समोरच्या पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजावयाची, एवढीच ती पद्धत. ज्या आठवड्यात एखादी जात दिसली नाही, त्या आठवड्याच्या रकान्यातही माहिती असते, ही तिची खरी शक्ती. महाराष्ट्रातील तालुक्याच्या पर्जन्यनोंदीत कोरड्या दिवसापुढेही शून्य लिहिलेले असते. म्हणूनच त्या नोंदीवरून अवर्षण सिद्ध करता येते. फुलपाखरांची संख्या घटली असे म्हणावयाचे तर असाच पुरावा हवा.

शून्याचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी हवी, हे पेंटेड लेडी ह्या फुलपाखराने शिकविले. हे फुलपाखरू वसंतात आफ्रिकेतून युरोपात येते. शरदात ते उत्तर युरोपातून परत जाताना दिसत नसे. सबब उत्तरेत जन्मलेली पिढी थंडीने तेथेच मरते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. २००९ मध्ये त्यांचे फार मोठे आगमन झाले. त्या वर्षीची स्वयंसेवकांची निरीक्षणे आणि आकाशाकडे रोखलेल्या रडारच्या नोंदी एकत्र अभ्यासून स्टेफानेस्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की परतीचा प्रवास होतो, पण तो जमिनीपासून सरासरी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून होतो. जमिनीवरच्या निरीक्षकाची नोंद प्रामाणिकच होती. 'येथून, ह्या रीतीने पाहता दिसले नाही' एवढाच तिचा अर्थ होता. वाचणाऱ्यांनी तिचा अर्थ 'घडले नाही' असा केला. शून्य लिहिणे जितके आवश्यक, तितकेच ते शून्य कोणत्या पद्धतीचे हे लिहिणेही आवश्यक आहे.

६

ह्या पार्श्वभूमीवर सह्याद्रीचा विचार करावयाचा. दक्षिण भारतातील फुलपाखरांच्या ऋतुगमनाविषयीचे लेखन नवे नाही. सी. बी. विल्यम्स ह्यांनी १९२७ मध्ये दक्षिण भारत व सिंहल येथील फुलपाखरांच्या स्थलांतरावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो बव्हंशी एव्हरशेड, ग्रीन, फ्रायर व ऑर्मिस्टन ह्या चौघांच्या नोंदींवर आधारलेला होता. ह्यांपैकी जॉन एव्हरशेड हे कोडाईकनाल येथील सौर वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातील गतींची वेळ व दिशा रोज टिपणाऱ्या माणसाने डोंगरावरून जाणाऱ्या फुलपाखरांचीही वेळ व दिशा टिपावी, ह्यात नवल नाही. सिंहलमधील 'समनल कंद' ह्या शिखराच्या नावाचा 'फुलपाखरांचा डोंगर' असा अर्थ केला जातो. हे नाव समन देवतेशीही जोडलेले आहे. परंतु लोकांनी त्याचा संबंध फुलपाखरांशी लावावा ह्यातच तेथील थव्यांची स्मृती आहे. मात्र स्थळनामात घटना राहते, तिची तिथी व संख्या राहत नाही. एव्हरशेडसारख्यांच्या टिपणांचे मोल ह्यामुळेच वेगळे.

ह्या घटनेचे आधुनिक विवरण कृष्णमेघ कुंटे ह्यांनी २००५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केले. त्यानुसार ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो ही प्रामुख्याने ह्या प्रवासातील फुलपाखरे होत. नैर्ऋत्य मोसमी पावसापूर्वी ती पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांत व पूर्व घाटाकडे जातात, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या सुमारास उलट दिशेने घाटाकडे परततात. घाटातील अतिवृष्टीचे महिने टाळणे हे ह्या प्रवासाचे संभाव्य कारण मानले जाते. पावसाळा पठारावर आणि कोरडा ऋतू पश्चिमेकडे, हा धनगरांच्या वाड्याचा क्रम ह्याच जातीचा आहे. एकाच पावसाने दोघांच्या वाटा आखल्या आहेत.

सह्याद्रीचा उत्तर भाग मराठी भाषकांच्या प्रदेशात येतो, आणि तेथील निरीक्षक आपली निरीक्षणे पुष्कळदा मराठीतच लिहितो. म्हणून मराठी नोंदीचे गुणदोष हा केवळ भाषिक कुतूहलाचा विषय राहत नाही. ह्या क्षेत्रात नामकरणाचे काम बरेच पुढे गेले आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन ह्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. 'राणी पाकोळी' आणि 'नीलवंत' ही त्याची नावे प्रचारात आली. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने इतर जातींनाही मराठी नावे देण्यात आली. त्यांतील 'बिबळ्या कडवा' हे प्लेन टायगरचे नाव चांगल्या परिभाषेचा नमुना म्हणून दाखविता येईल. अळी रुईसारख्या चिकाळ झाडावर वाढते, त्यातील विषारी द्रव्ये फुलपाखराच्या अंगी उतरतात आणि पक्षी त्याला टाळतात. 'कडवा' ह्या एका शब्दात हा सारा संबंध येतो. इंग्रजी नावांत कमांडर, कमोडोर अशा सैनिकी पदव्या दिसतात. त्यांपेक्षा हे नाव प्राण्याच्या जीवनाशी जवळचे आहे.

परंतु नामे सिद्ध झाली म्हणून वाक्ये सिद्ध होत नाहीत. थवा दिसल्याचे मराठी वृत्तांत पाहिले तर त्यांत 'हजारो', 'लाखो' हे शब्द हमखास आढळतात. मराठीतील हे ओकारान्त रूप संख्येचे नसून अगणिततेचे वाचक आहे; 'शेकडो' म्हणजे शंभरांच्या कोणत्याही पटी. विस्मय व्यक्त करण्यास ते योग्य, तुलना करण्यास निरुपयोगी. ह्या वर्षीचे 'हजारो' गतवर्षीच्या 'हजारो'हून कमी की अधिक, हे कोणी सांगू शकत नाही. असे वृत्तांत बखरीच्या वळणाचे असतात. जे भव्य घडले तेच त्यांत येते. मराठी दप्तरात बखरीबरोबर रोजकीर्दही होती, आणि इतिहाससंशोधकाला जमाखर्चाच्या त्या रुक्ष पानांनी बखरीहून अधिक विश्वसनीय साक्ष दिली, हे सर्वविदित आहे. फुलपाखरांच्या बाबतीत आज बखरी विपुल आहेत. उणीव आहे ती रोजकीर्दीची.

अलीकडील उपक्रमांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. २०२० पासून देशभर सप्टेंबर महिन्यात फुलपाखरांची सार्वत्रिक गणना होते आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह जमतो. जातींचा प्रसार जाणण्यासाठी तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ऋतुगमनाच्या दृष्टीने सप्टेंबर हा मधला महिना. पूर्वेकडील प्रस्थान त्यापूर्वी झालेले असते आणि परतीचा प्रवास त्यानंतर व्हावयाचा असतो. शिवाय छायाचित्र बहुधा बसलेल्या फुलपाखराचे असते. ते जात सांगते, स्थळ व वेळ सांगते. दिशा सांगत नाही. एका कामासाठी घडविलेल्या साधनाकडून दुसरे काम होईल अशी अपेक्षा ठेवणे त्या साधनावर अन्याय करणारे आहे. ऋतुगमनासाठी वेगळ्या नोंदीचीच गरज आहे.

७

ही नोंद कशी असावी, हे वरील विवेचनावरून ठरविता येते. निरीक्षकाने एका जागी उभे राहून दोन खुणांमधील ठराविक रुंदीची रेषा कल्पावी. तीवरून ठरलेल्या मिनिटांत कोणत्या जातीची किती फुलपाखरे पार झाली ते मोजावे. उंची, वारा व आभाळ ह्यांची स्थिती लिहावी. आणि प्रस्थानाच्या व परतीच्या अशा दोन्ही ऋतूंत, फुलपाखरे दिसोत वा न दिसोत, ठरलेल्या दिवशी हे काम करावे. दिशेच्या बाबतीत भाषेचा एक धोका ध्यानात ठेवावयास हवा. 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. वाऱ्याला उगमाचे नाव देण्याची रीत आहे. उड्डाणाचे वर्णन मात्र गंतव्यावरून होते. 'पश्चिमेची फुलपाखरे' असे लिहिल्यास वाचणारा दोन्ही अर्थ करू शकेल. 'पश्चिमेकडून पूर्वेकडे' असे दोन्ही शब्द लिहिले की संदिग्धता उरत नाही. त्यासाठी नवी संज्ञा घडविण्याचेही कारण नाही.

'मॉनिटरिंग' ह्या कल्पनेला शासकीय मराठीत 'संनियंत्रण' म्हणतात. येथे ते गैरलागू आहे, कारण फुलपाखरावर कोणाचे नियंत्रण नाही. 'निरीक्षण' एकदाचेही असू शकते. 'वेध' हा शब्द ह्याहून जवळचा वाटतो. वेधशाळेत वेध घेतले जातात ते पुनरावृत्त गतींचे; आणि सणाचे, पावसाचे वेध लागतात तेव्हा येणाऱ्या गोष्टीची अपेक्षाही त्या शब्दात असते. ज्याने वेध घेतला आहे त्यालाच ठरलेल्या वेळी न आलेल्या गोष्टीची उणीव जाणवते. ऋतुगमनाच्या अविरत नोंदीस 'ऋतुवेध' म्हणावे, असे सुचविता येईल.

संवर्धनाचा प्रश्न ह्याच्याशी निगडितच आहे. मेक्सिकोतील मोनार्कांच्या रानाला १९८६ मध्ये शासकीय संरक्षण मिळाले, २००० मध्ये ५६ हजार हेक्टरांहून मोठे जीवावरणक्षेत्र घोषित झाले, २००८ मध्ये त्यास जागतिक वारशाचा दर्जाही लाभला; तरीही २०१३–१४ चा नीचांक टळला नाही. एका टोकाचे रक्षण पुरेसे होत नाही, हे त्यावरून दिसते. सह्याद्रीच्या फुलपाखरांनाही घाटातील खाद्यवनस्पती, वाटेवरील फुलोरा आणि पूर्वेकडील मैदानातील आसरा ही तिन्ही लागतात. कॉमन क्रोची अळी कण्हेर, अनंतमूळ व वड-पिंपळाच्या वर्गातील झाडे ह्यांवर वाढते. ह्याच गटातील नर खुळखुळ्यासारख्या वनस्पतींतून प्रियाराधनास लागणारी द्रव्ये मिळवितात. बांधावरचा खुळखुळा उपटून टाकणाऱ्याला, किंवा रस्त्याकडेची झुडुपे साफ करणाऱ्याला, आपण एका प्रवासाचा मुक्काम मोडीत काढतो आहोत ह्याची कल्पना नसते; आणि तसे दाखवून देणारी नोंद नसेल तर ती त्याला कोणी देऊही शकत नाही.

मोनार्कच्या घसरणीविषयी आज वाद होऊ शकतो, कारण १८.१९ हा आकडा एके काळी कोणीतरी लिहून ठेवला होता. सह्याद्रीतील प्रवास उद्या क्षीण झाला तर त्याविषयी दुःख व्यक्त करणारे पुष्कळ निघतील. परंतु तो किती होता हे कोणी लिहून ठेवले नसेल तर तो क्षीण झाला हे विधानच सिद्ध करता येणार नाही. 'थांबले' हे क्रियापद वापरण्याचा अधिकार 'चालू होते' असे वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यालाच असतो. ते लिहिण्याचे काम प्राणिशास्त्राच्या विभागांनी करावयाचे आहे. ते एकाच अर्थाने वाचले जाईल अशा मराठीत व्हावे, ह्याची जबाबदारी मात्र भाषेच्या अभ्यासकांनाही टाळता येणार नाही.